फौलादांच्या रक्तातला भोंगा

शनिवार, १४ मार्च

कितीतरी महिने या वहीत एक ओळ लिहिली नाही. माफी मागायची तर स्वतःचीच. वेळ नव्हता हे खरं नाही. जे लिहिण्यासारखं होतं तेच लिहायला नको वाटत होतं. आज दुपारी दवाखान्याच्या सभागृहात मी केलेलं भाषण इथे जसंच्या तसं उतरवते आहे. लॅबमधल्या एकीनं ते मोबाईलवर रेकॉर्ड केलं, म्हणून पळवाट नाही. उद्यावर टाकलं तर आठवणीत मी ते मऊ करून टाकीन.

सन्माननीय अध्यक्ष महोदय, म्हणजे आमच्या एचआयव्ही विभागाचे प्रमुख, ज्यांना आम्ही सगळे नुसतं 'सर' म्हणतो. व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे. आजचे सत्कारमूर्ती, ज्यांचं खरं नाव आता त्यांच्या शेजाऱ्यांनाही आठवत नसेल, असे आपले सर्वांचे फौलाद. पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी. माझ्या प्रयोगशाळेतले सहकारी. आणि एरवी गोळ्या न्यायला ज्या जिन्यानं वर येता, त्याच जिन्यानं आज टाळ्या वाजवायला आलेले तुम्ही सगळे. सर्वांना नमस्कार.

मला बोलायची संधी दिली म्हणून मी आयोजकांची आभारी आहे. तशी ही संधी मला दर वर्षी मिळते, पण एका ओळीपुरती. नव्यानं आलेल्यांसाठी सांगते. आपल्याकडे एक प्रथा पडली आहे. विभागाच्या वर्धापनदिनी फौलादांना व्यासपीठावर बसवायचं, त्यांच्या ताज्या तपासणीचा निकाल हातात घेऊन मी उभं राहायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "विषाणू सापडला नाही." मग फौलादांनी मूठ वर करायची आणि तुम्ही सभागृह डोक्यावर घ्यायचं. गोळी नाही, औषध नाही, नुसत्या अंगच्या ताकदीनं एचआयव्ही दाबून धरणारा माणूस! असे लोक जगात फार थोडे असतात. त्यातला एक आपल्याकडे आहे. गोदीत क्रेन चालवतो, एका हातानं सायकल उचलतो, आणि खालच्या मजल्यावर त्यांचा फोटो लावलेलं पोस्टर आहे. कौतुक वाटायलाच हवं. मलाही वाटायचं.

तर यंदा फौलादांनी मला आणखी मोठा मान दिला आहे. सोमवारी ते रक्त द्यायला प्रयोगशाळेत आले होते. दंडावर कापूस दाबून उभे होते, वहिनी पिशवी घेऊन दारात. मला म्हणाले, "मॅडम, यंदा जरा जोरात वाचा हं. मागच्या वेळी मागच्या रांगेला ऐकूच गेलं नाही."

मी म्हटलं, "यंदा एकच ओळ वाचणार नाही. आधी आत या, बसा, मागच्या महिन्याचं सगळं ऐकून घ्या."

त्यांनी ऐकून घेतलं. शांतपणे, हे मी मुद्दाम सांगते. मग म्हणाले, "म्हणजे तुमचं म्हणणं, मी आजारी?"

"हो."

"आणि ही गोळीवाली धडधाकट?"

"तुमच्यापेक्षा, हो."

"बघ गं," ते वहिनींना म्हणाले, "तुझा नंबर पहिला आला. पेढे वाट." आणि मग माझ्याकडे वळून, "हे भर सभेत बोलून दाखवा. सगळं सांगा, मी काय चोर आहे झाकून ठेवायला? लोकांनी तुम्हाला खाली बसवलं नाही, तर तिथेच, स्टेजवर, पहिली गोळी घेतो. शब्द देतो."

सर दारातच होते. ते म्हणाले, "अहो, मजा करताहेत ते."

मी मजा म्हणून घेतली नाही, सर. गोळ्यांची बाटली मी बरोबर आणली आहे. ही इथे, पाण्याच्या ग्लासाशेजारी ठेवते. आज सकाळीही मी फौलादांना फोन करून विचारलं, नक्की बोलू ना? ते म्हणाले, "घाबरलात?" त्यामुळे परवानगीचा प्रश्न मिटला. आता फक्त माझ्या हिमतीचा उरला.

विषाणू सापडला नाही. ही नेहमीची ओळ.

टाळ्या वाजवल्यात, धन्यवाद. आता पुढचं.

फौलाद गोदीत काम करतात म्हणून त्यांच्याच कामाचं उदाहरण घेते. समजा गोदीत आग लागली तर भोंगा वाजतो. कामगार हातातलं टाकून धावतात, आग विझवतात, भोंगा थांबतो, माणसं परत कामाला लागतात. हे झालं निरोगी शरीर. आता समजा आग एवढीशी आहे, कोपऱ्यात धुमसते आहे, विझतही नाही आणि वाढतही नाही. पण भोंगा चालू. रात्रंदिवस चालू. माणसं धावताहेत, पाणी मारताहेत, मालावर पाणी, भिंतींवर पाणी, एकमेकांवर पाणी. झोप नाही. जुनी माणसं दमून पडतात, नवी भरती होते, तीही धावायला लागते. काही वर्षांनी त्या गोदीचं जे होईल ते आगीनं झालं म्हणायचं, की भोंग्यानं?

एचआयव्हीत माणूस खंगतो तो निव्वळ विषाणू पेशी खातो म्हणून नाही. शरीराचे पहारेकरी सतत उठून बसतात म्हणूनही. आणि दुष्टपणा बघा, या विषाणूला झोपलेली पेशी फारशी उपयोगाची नसते. त्याला जागी झालेली पेशी हवी असते, तिच्यात तो वाढतो. म्हणजे शरीर जितकं उठून उभं राहतं, तितकं त्यालाच खाद्य पुरवतं. आतड्याच्या अस्तराजवळचे पहारेकरी तर सुरुवातीलाच मरतात. मग ती भिंत पाझरते, आतड्यातल्या जंतूंचे तुकडे रक्तात झिरपतात, आणि भोंग्याला आणखी एक कारण मिळतं.

सर घड्याळ बघताहेत. सर, थोडा वेळ द्या. हे सगळं मला आपणच शिकवलंत. नुकतीच नोकरीला लागले होते तेव्हा आपण फळ्यावर आतड्याची भिंत काढली होती, आणि इतकी वाईट काढली होती की आम्ही तिला बूट समजलो. पण शिकवलंत उत्तम. आजही कुणाला समजावताना मी आपलीच वाक्यं वापरते.

ज्या पेशी उठून बसलेल्या असतात त्यांच्या अंगावर दोन खुणा एकदम उमटतात. आमच्या मशीनमध्ये त्या मोजता येतात. आम्ही त्या फौलादांच्या रक्तात गेली कित्येक वर्षं मोजतो आहोत, कारण त्यांच्यावर संशोधन चालू आहे. पण सभेत वाचत नव्हतो. का नव्हतो? त्या आकड्याला टाळ्या पडल्या नसत्या म्हणून. दुसरं कारण मला शोधूनही सापडलं नाही.

फौलादांचा भोंगा वहिनींच्या भोंग्यापेक्षा कितीतरी मोठ्यानं वाजतो. वहिनींना विषाणू फौलादांपासूनच आला, अगदी सुरुवातीला, त्यांच्या शरीरानं तो दाबून धरण्याआधी. त्यांची ताकद साधी, तुमच्याआमच्यासारखी, म्हणून त्या रोज रात्री जेवण झालं की गोळी घेतात. आणि फौलाद दर वर्षी इथे उभे राहून काय सांगतात? "आमच्या घरात एक फौलाद आहे आणि एक भांडं आहे, रोज कल्हई लागणारं." तुम्ही हसता. वहिनींना कुणी विचारलं नाही की तुमच्या गोळीची गोष्ट माईकवर सांगितली तर चालेल का. त्या भांड्याच्या पांढऱ्या पेशी वाढून आता जवळपास निरोगी माणसाइतक्या झाल्या आहेत. फौलादांच्या दर वर्षी थोड्या थोड्या उतरताहेत. इतक्या सावकाश, की एका वर्षी बघितलं तर वाटावं मशीनची चूक आहे. सगळी वर्षं शेजारी शेजारी ठेवली तर तो उतार आहे.

आणि मानेतल्या रक्तवाहिन्या. गेल्या महिन्यात सोनोग्राफी झाली. पन्नाशीही न गाठलेल्या माणसाच्या वाहिन्या सत्तरीच्या माणसासारख्या जाड झाल्या आहेत. इथे मला सावधपणे बोललं पाहिजे. फौलाद सिगारेट ओढायचे, अजूनही क्रेनवर चढण्याआधी एखादी ओढतात. त्यातला वाटा किती आणि भोंग्याचा किती, हे मला वेगळं काढून दाखवता येणार नाही. गोळी घेतली की भोंगा पूर्ण थांबतो का? नाही. वहिनींचाही पूर्ण थांबलेला नाही. पण आवाज खाली येतो. आणि तो खाली येणं किती गरजेचं आहे, ते मी आता सांगते, कारण फौलाद 'सगळं सांगा' म्हणाले आहेत.

दोन आठवड्यांपूर्वी सकाळी चहा पिताना फौलादांच्या हातातून कप सुटला. चहा तोंडाच्या एका कडेनं शर्टावर ओघळला. ते काहीतरी बोलले आणि वहिनींना एक शब्दही कळला नाही. थोड्या वेळात सगळं पूर्ववत झालं. फौलाद म्हणाले, "कप निसरडा होता." वहिनींनी तोच कप पुसून मला दाखवायला आणला. निसरडा नव्हता. मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडला होता, दुसऱ्या वेळी तो थोड्या वेळात सुटेलच असं नाही. उद्या झटका येईल असं मी म्हणत नाही. येणार नाही असं म्हणणारा डॉक्टर मात्र मला या इमारतीत दाखवा.

तर आज इथे प्रश्न एवढाच आहे. फौलादांनी ही गोळी सुरू करायची, मेंदूच्या डॉक्टरांकडे जायचं, की पुढच्या वर्षी परत मूठ वर करायला इथे यायचं. तेव्हा दोन्ही हात उचलता येतील असं धरून.

नाही सर, मला कल्पना आहे की हे सत्काराचं भाषण आहे. सत्कारच करते आहे. आपल्या विभागाचाही करते. गेल्या वर्षी बैठकीत मी विचारलं होतं की आता सगळ्यांना गोळी लगेच सुरू करतात, तर फौलादांना का नाही? आपण म्हणालात, "त्यांनाच नको आहे." ते खरं होतं. मग सगळे उठल्यावर, फाईल बंद करता करता, आपण म्हणालात, "आणि त्यांना गोळी दिली तर आपल्याकडे उरलं काय? बाकीच्यांचं रक्त कुठेही मिळतं." हेही खरं होतं. फौलाद, तुम्हाला पोस्टरवर आम्ही उगाच चढवलं नाही. तुमचं रक्त चार देशांत जातं. तुम्ही बिनगोळीचे आहात तोवरच जातं.

पाहुण्यांनी पाणी मागितलं आहे. कृपया त्यांना द्यावं. हा ग्लास नको, हा फौलादांसाठी आहे.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो जरा गमतीचा आहे. आफ्रिकेत काही माकडं आहेत. त्यांच्या अंगात या विषाणूचा चुलतभाऊ असतो, आणि थोडाथोडका नाही, रक्तात नुसता भरून असतो. फौलादांच्या रक्तात शोधून सापडत नाही, माकडाच्या रक्तात मोजून संपत नाही. तरी माकड आजारी पडत नाही. खातं, पितं, झाडावर चढतं, म्हातारं होऊन मरतं. कारण सुरुवातीला त्याचंही शरीर उठून बसतं, पण लवकरच भोंगा बंद करतं. विषाणूशी कुस्ती खेळत बसत नाही.

(इथे मागून कुणीतरी ओरडलं, "म्हणजे फौलादपेक्षा माकड बरं!" सगळं सभागृह हसलं. रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज येतो, अगदी शांत.)

शास्त्राच्या दृष्टीनं बोलायचं, तर हो.

(मग हसणं थांबेना. पहिल्या रांगेतून एक वेगळं हसू ऐकू येतं, बारीक, श्वास अडकत येणारं. वहिनी हसत होत्या. तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. फौलादांनी सभेकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. वहिनींकडेच बघत होते. मग उठले आणि माईक नसताना बोलले. ते रेकॉर्डिंगमध्ये पुसट आहे, पण मला पाठ आहे. "मग इतकी वर्षं मी काय केलं?")

आजारी होतात, फौलाद. तुम्ही इतकी वर्षं आजारी होतात. आम्ही तुम्हाला खेळाडू समजलो.

ही बाटली. हे पाणी. तुम्ही शब्द दिला होता, आणि मला कुणी खाली बसवलेलं नाही.

(त्यांनी बाटली उचलली, तिच्यावरचं नाव वाचलं आणि पुन्हा ठेवली. मिळालेला पुष्पगुच्छ खुर्चीवर ठेवला. बाजूच्या दारानं बाहेर गेले. वहिनी उठल्या आणि मागोमाग गेल्या. मी भाषण थांबवायला हवं होतं. पण माझ्या हातात आभाराचा कागद होता.)

असो. सत्कारमूर्तींना जरा मोकळ्या हवेची गरज असावी. कार्यक्रम वेळेत संपवायचा आहे.

अध्यक्ष महोदयांनी मला इतका वेळ बोलू दिलं, नंतर ते काय बोलतील याची मला कल्पना आहे, तरी त्यांचे आभार. पाहुण्यांनी लांबून येण्याचे कष्ट घेतले, त्यांचे आभार. प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांचे आभार, ज्यांनी टाळ्या न मिळणारा आकडाही तितक्याच काळजीनं मोजला. ध्वनिव्यवस्था, खुर्च्या, चहा, सगळ्यांचे आभार. आणि तुमचे आभार. तुम्ही घरी गेल्यावर आजची गोळी घ्या. फौलादांकडे बघून कुणाच्या मनात ती सोडायचं आलं असेल, त्यानं आज काय ऐकलं ते विसरू नये.

बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर तो दोष माझ्या वाणीचा समजावा आणि मोठ्या मनानं पोटात घालावा, ही विनंती. इथेच थांबते. नमस्कार.

रेकॉर्डिंग इथे संपतं.

मी खाली गेले तेव्हा ती दोघं जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली होती, मधे एका माणसाची जागा सोडून. मागे ते पोस्टर.

"तू हसलीस," फौलाद म्हणत होते.

"एकदा हसले," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही दर वर्षी माईकवर हसलात."

"लोकांत हसलीस."

"तुम्ही कुठे बोलत होतात? घरात?"

मी आलेली बघून फौलाद उठले. मला वाटलं होतं ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी समजूतदारपणे बोलले. "मॅडम, तुम्ही सांगितलं ते सगळं खरं आहे. मला कळतं. सोमवारीच कळलं होतं. स्टेजवर घेणारच होतो, हिला विचारा. खिशात बिस्कीट घेऊन आलो होतो, रिकाम्या पोटी घेऊ नये म्हणून. पण आता घेतली तर ती माकडानं घेतलेली गोळी. गोदीत उद्या सगळ्यांना कळणार. क्रेनवर चढलो की खालून केळी दाखवतील."

"अहो, दाखवू देत," वहिनी म्हणाल्या.

"तू गप्प बस. तू आधी हसायचं थांबव."

वहिनी तेव्हा हसत नव्हत्या. फौलाद रस्त्याला लागले. वहिनी जाताना मला एवढंच म्हणाल्या, "ताई, घेणार होते ते."

सरांनी नंतर केबिनमध्ये बोलावलं. मी बोलणी खायच्या तयारीनं गेले. ते म्हणाले, "बैठकीतलं माझं वाक्य तुम्ही बरोबर सांगितलंत. एक शब्दही वाढवला नाहीत. पण ते माकडाचं काय होतं?"

मी विचारलं, "काय होतं म्हणजे?"

"त्या माकडांच्या कितीतरी पिढ्या त्या विषाणूबरोबर गेल्या आहेत, तेव्हा त्यांचं शरीर निवलं. एका माणसाची आणि त्यांची तुलनाच होत नाही. शास्त्राच्या दृष्टीनं 'हो' कसं म्हणालात?"

मी घरी येऊन रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. सिगारेटचा वाटा मी मान्य केला होता. गोळीनं सगळं मिटत नाही हेही सांगितलं होतं. अख्ख्या भाषणात खोटं असं एकच वाक्य आहे, आणि ते मी शास्त्राच्या नावानं बोलले. का? त्या क्षणी माहीत नव्हतं असं नाही. सभा माझ्या बाजूला झाली होती. कल्हई लागणाऱ्या भांड्यासाठी मला एक हशा वसूल करायचा होता, असं मी स्वतःला सांगून बघितलं. पण वहिनींनी तो माझ्याकडे मागितला नव्हता. मला तो आवडला, एवढंच खरं आहे. आणि फौलादांना आज जे बोचलं ते नेमकं तेवढंच वाक्य. बाकी सगळं त्यांनी सोमवारीच पचवलं होतं.

उद्या: फौलादांच्या घरी जाऊन ते एक वाक्य परत घेणे.